केतनचं घर चालू आहे

सुनीती नोएडातल्या ऑफिसात पोचली की निधी व्हायची. एका ऑनलाइन गेमच्या कंपनीत ती ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं द्यायची, आणि तिथून जाणाऱ्या प्रत्येक उत्तराखाली एकच सही असे: निधी. या नावाचं तिथे कोणीच नव्हतं. चिडलेल्या माणसाला दर वेळी नवं नाव दिसलं की तो आणखी चिडतो, असं कंपनीचं म्हणणं होतं.

गेम अगदी साधा. आपलं घर बांधायचं, बाग लावायची, शेजाऱ्यांकडे जाऊन गप्पा मारायच्या.

ती राहायची त्या मयूर विहारच्या सोसायटीत लोकांना वाटायचं, सुनीती गेम बनवते. तिची आई म्हणायची, "बनवत नाही हो. दिवसभर शिव्या खाते आणि घरी येऊन म्हणते भूक नाही."

शिव्यांची तिला सवय होती. दीनानाथ नावाच्या गृहस्थांच्या तक्रारीत एकही शिवी नव्हती. ते फरीदाबादहून हिंदीत लिहीत होते. माझा मुलगा केतन आता या जगात नाही. मग त्याच्या घरात रोज दिवा कोण लावतं?

निधीने त्यांना आधी बऱ्याचदा उत्तर दिलं होतं. गैरसोयीबद्दल खेद आहे, खातं पूर्ण सुरक्षित आहे. आणि दर वेळी तक्रार 'समाधान झालं' म्हणून बंद झाली होती.

सुनीतीला ते विचित्र वाटलं. तक्रार बंद करण्याआधी संबंधित खात्याला प्रश्न जातो, आपलं समाधान झालं का? खात्यातून होकार आला तरच ती बंद होते. तिने पाहिलं. तक्रार केतनच्या खात्याबद्दल, म्हणून प्रश्नही केतनलाच गेला होता. आणि केतनच्या खात्यातून दर वेळी उत्तर आलं होतं. हो.

एसीचा वारा एकदम मानेवर आल्यासारखं तिला वाटलं.

"अरे, केअरटेकर है," तिचा मॅनेजर परीक्षित चहा ढवळत म्हणाला. लोक गेम सोडून जातात, मग त्यांची घरं ओसाड दिसतात, ती पाहून शेजारीही जातात. म्हणून एक प्रोग्राम अशी घरं सांभाळतो. झाडांना पाणी घालतो, दिवा लावतो, त्या माणसाच्या जुन्या गप्पांमधली वाक्यं बोलतो. कोणी काही विचारलं तर हो म्हणतो.

"हे कस्टमरला माहीत आहे?"

"बताना नहीं है, यार. खेद भेज और बंद कर."

तिने दीनानाथांना फोन लावला.

"निधी मॅडम?" पलीकडून थकलेला आवाज आला.

"नाही, काका. मी सुनीती. निधी अशी कोणी नाहीच."

तिच्या हिंदीतलं मराठी वळण ओळखून ते मराठीत म्हणाले, "मग इतके दिवस मी भांडत कोणाशी होतो?"

काय सांगायचं? तिने आधी त्यांचंच बोलणं ऐकून घेतलं. त्यांची बायको, सुमित्रा, दुपारभर मोबाइल धरून बसते. गेममधला केतन विचारतो, आई, जेवलीस का? ती त्याला भाजी कुठली केली ते सांगते. आज भाचीचं लग्न, तिथेही गेली नाही, तो एकटा राहील म्हणून. "मला भरपाई नको. माझ्या बायकोला तिथून बाहेर काढा."

खरं सांगण्यासाठी कंपनीकडे तयार मजकूर नव्हता. सुनीतीने सुचेल तसं सांगितलं. तो केतन नाही, काका. आमचा प्रोग्राम आहे. आम्ही तुम्हाला हे सांगायला हवं होतं आणि आम्ही लपवलं.

पलीकडे फोन हातातून हातात गेला.

"ऐकलं मी," बाईंचा आवाज होता. "मला कळलं नसेल का, बाळ? आमचा केतन कशालाच हो म्हणायचा नाही. आंघोळ कर म्हटलं तरी आधी नाहीच."

"काकू, बंद करू?"

"त्याला दुखेल का?"

"नाही." मग ती म्हणाली, "दुखायला तिथे कोणी नाही, काकू."

"माझ्या मोबाइलवर उघडून बसते मी. मग कर."

परीक्षितला विचारायला हवं होतं. सुनीतीने विचारलं नाही. स्क्रीनवर केतनचं घर होतं, पायरीवर निळ्या शर्टातला मुलगा. तिने प्रोग्राम थांबवला. दिवा विझला, पायरी रिकामी झाली.

"झालं, काकू."

"नाही गं. उभा आहे अजून."

सुनीतीने पुन्हा पाहिलं. पायरी रिकामीच होती. नेट हळू असेल, हे वाक्य तिच्या ओठांवर आलं. तिने ते बोलून दाखवलं नाही.

"माझ्याकडे बघतोय," सुमित्राकाकू हळूच म्हणाल्या. मग त्यालाच म्हणाल्या, "जा, राजा. मी जाते लग्नघरी. मुलगी सासरी जायच्या आत भेटते तिला."

सुनीती रिकाम्या पायरीकडे बघत राहिली.

"आता वळला," त्या म्हणाल्या. "गेला आत."