टपालाने येणारा नवरदेव

बी.ए. झालेल्या बाईला त्या काळी शाळाच मिळे. मलाही मिळाली, खांडबाऱ्याला. मुलींना कविता शिकवायच्या आणि घरी येऊन गप्प बसायचं, याचा मला लवकरच कंटाळा आला. म्हणून पुन्हा एकदा पदवीला बसायचं ठरवलं. यावेळी हिशेबाचे विषय घेऊन, टपालाने. पास झाले तर शहरातल्या एखाद्या कचेरीत अर्ज करता येणार होता. भावाने लिहिलं, "एका पदवीनेच स्थळं पळाली, दुसरी कशाला?" आईवडील नव्हते, त्यामुळे दुसरं मत विचारायची सोयही नव्हती.

मी एका कापडवाल्याच्या घरात मागची खोली भाड्याने घेतली होती. धड्यांची पाकिटं गाडीने येत, आणि मी शाळेत असताना पोस्टमन ती घरमालकीण मावशीच्या हाती देई. तिला वाचता येत नव्हतं. ती पाकीट देव्हाऱ्याच्या फळीवर, कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवी. इतकं जाडजूड पत्र दर पंधरवड्याला बाईमाणसाला कोण लिहिणार? तिने आपलं ठरवून टाकलं.

"गंज लिखस वं बाई तुन्हा नवरदेव," पाकीट देताना ती म्हणायची.

"मावशी, अभ्यासाचे धडे आहेत ते."

"हां, धडाच शेत," असं म्हणून ती शेजारणीकडे बघून हसायची. शेवटी मी नाद सोडला. खरं सांगायचं तर लग्न ठरलेल्या बाईला गाव कमी प्रश्न विचारतं.

अभ्यास एकटीनेच चाले. तेरीज मांडायची, म्हणजे जमा आणि नावे या दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळतात का ते बघायचं. जुळल्या नाहीत की विचारायला कुणी नसे. शंका लिहून पाठवली तर उत्तर येईपर्यंत शंकाच विसरायला होई. एका रविवारी मात्र सकाळपासून छळणारी तेरीज दुपारी एकदम जुळली आणि मी मोठ्याने हसले. दाराबाहेर मावशी तांदूळ निवडत होती. ते हसू तिने बरोबर नवरदेवाच्या खात्यावर जमा केलं.

परीक्षेला जळगावला जायचं होतं. निघताना मावशीने दशम्यांचं गाठोडं हातात ठेवलं, वर लसणाची चटणी. म्हणाली, "दोन्ही जनस्ले पुरतीन." मी त्यालाच भेटायला चालले, असं तिने धरलं होतं. परीक्षेच्या मधल्या सुट्टीत सगळी पोरं घोळक्याने पेपरावर भांडत, आणि मी लिंबाखालच्या बाकावर बसून दोघांच्या दशम्या एकटी खाई. इतकं एकटं मला खांडबाऱ्यालाही कधी वाटलं नव्हतं.

परत आले आणि पाकिटं थांबली. थांबणारच होती. मावशी पोस्टमनला आधी रोज विचारायची, मग विचारेनाशी झाली. माझ्याशी हळू आवाजात बोलू लागली. आणि एके दिवशी देव्हाऱ्यावर एक साधं कार्ड आलं. कॉलेजातल्या एका जुन्या मैत्रिणीने निकाल बघून कळवलं होतं: पास.

मी खोलीत कार्ड हातात धरून बसले. हे सांगायचं कुणाला, तेच समजेना. भावाला? त्याने विचारलं असतं, पुढे काय. दारात मावशी उभी होती. इतकी जाड पत्रं यायची, तिथे आता एक चिटोरं, याचा अर्थ तिच्यापुरता स्पष्ट होता. ती आत आली, माझ्याजवळ जमिनीवर बसली आणि पाठीवर हात ठेवला.

"सोयरीक मोडनी ना माय? रडी ले."

आणि मी खरंच रडले. नसलेल्या नवऱ्यासाठी कुणी इतकं रडलं नसेल. पाठीवर हात पडून मला किती वर्षं झाली होती, ते तेव्हा कळलं.

"मावशी, मी पास झाले," मी कसंबसं म्हटलं.

"पास व्हयनी ना तू?" पदराने माझं तोंड पुसत ती म्हणाली. "मंग नुकसान त्यान्हंच शे."

त्या संध्याकाळी तिने मला माझी चूल पेटवू दिली नाही. आपल्या ताटाशेजारी माझं ताट मांडलं आणि मी जेवेपर्यंत उठली नाही.