चांगोशेटची मोटार आणि लडकूचा कान

किन्हवलीच्या लडकूचा जन्म बैलांमागे गेला, पण पंचक्रोशीत नाव होतं ते त्याच्या कानाचं. ओटीवर पाठमोरा बसून तो सांगायचा की देवजीच्या गाडीच्या आसाला वंगण नाही आणि धाकलूच्या चाकाची लोखंडी धाव ढिली झालीय. वाईट आवाज त्याला सोसतच नसे. एकदा भावकीतल्या लग्नात भरल्या पंगतीतून उठून तो कुरकुरणाऱ्या दाराला तेल घालून आला, आणि त्यावरून वरमाय जी रुसली ती नातू होईपर्यंत बोलली नाही. त्यात भर म्हणजे, कानाला जे ऐकू येई तेच तो तोंडाने बोले. खोटं बोलायला जी अक्कल लागते ती देवाने याला दिलीच नाही, असं त्याची बायको सावळी म्हणायची. बावीस वर्षं संसार केलेल्या बाईचं मत खोडणारे आपण कोण?

लडकू चांगोशेटची दमणी, म्हणजे बसायची हलकी बैलगाडी, हाकायचा. शेटचा धंदा गवताचा. मुंबईच्या तबेल्यांतले घोडे खात राहिले आणि चांगोचा चांगोशेट झाला. दमणीचे बैल, मोऱ्या आणि हरण्या, शेटच्या मालकीचे खरे, पण वासरं असल्यापासून त्यांना वाढवलं लडकूने. त्यांना पोटदुखी झाली तर काढा लडकू आधी स्वतः चाखून बघायचा.

दुसरं महायुद्ध सुरू झालं त्या साली दसऱ्याला शेटने नवी कोरी मोटार आणली. ज्याचं सगळं वैभव घोड्यांच्या पोटातून आलं, त्यानेच घोड्यांच्या मुळावर उठलेली वस्तू दारात आणून तिला झेंडूचा हार घालावा! पण पैका आला की माणसाला असलं काही दिसत नाही. मोटारीत रेडिओसुद्धा होता. पुढच्या फळीखाली एक जाळीचा डबा, त्याला कल्याणहून आलेला ड्रायव्हर चंदर स्पीकर म्हणायचा. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत बोलणारी मोटार दुसरी कुणाकडे नव्हती, आणि शेटने ती घेतली होती ती बव्हंशी याच कारणासाठी.

हार घालून झाल्यावर शेट लडकूला म्हणाले, "लडक्या, पौषात म्हशाच्या जत्रेत जोडी विकून टाक. आता बैलांचं काय काम?"

"बरं शेट," लडकू म्हणाला. घरी येऊन तो गोठ्यात जाऊन बसला. सावळीने भाकरी वाढली तरी उठेना. आपली पोटची पोरं परक्याच्या दावणीला जाणार, असंच त्याला वाटत होतं, आणि त्यात त्याचं काही चुकत होतं असं नाही.

दारात उभी असताना मोटार झकास बोलायची. अख्खं गाव अंगणात बसून मुंबईचं गाणं ऐकायचं. पण मोटार चालू झाली की जाळीतून अशी घरघर निघे की गाणारी बाई जात्यात सापडली असं वाटावं. शेट मुरबाडच्या बाजारातून परत आले की चेहरा हळदीसारखा पिवळा, कपाळाला घाम. वाटेत दोनदा उतरून झुडपामागे जाऊन यायचे. "त्या घरघरीनं डोकं उठलं," म्हणत ओट्यावर आडवे व्हायचे. मोठ्या माणसाचा कान नाजूकच असायचा, असं म्हणून लोक हळहळायचे.

मग उपाय सुरू झाले. शाळामास्तरांनी जाळीला मलमलीचं फडकं बांधायला लावलं. भजनातल्या पेटीवाल्याने डब्यात जोराने फुंकून पाहिलं आणि सूर एक पट्टी खाली घ्यावा लागेल असं सांगितलं. शेटाणी हिराबाईंचं म्हणणं, बोलणाऱ्यालाच सर्दी असेल, दोन दिवस थांबून बघा. दोन दिवस थांबले. सर्दी हटली नाही.

एका बाजाराच्या दिवशी लडकू सामान धरायला म्हणून मागच्या सीटवर बसला होता. उताराला चंदरने पेट्रोल वाचवायला इंजिन बंद केलं, मोटार आपसूक घरंगळू लागली, आणि रेडिओतला माणूस एकाएकी स्वच्छ बोलू लागला. पायथ्याला इंजिन सुरू झालं, पुन्हा घरघर.

"शेट," लडकू म्हणाला, "रेडिओला काय झालेलं नाय. इंजिन बंद असलं का नीट बोलतो."

हे बोलताना बैलांचा विचार त्याच्या मनात नव्हता. कानाला आलं ते तोंडाने बोलला, इतकंच. पण शेट ताठ बसले. कित्येक दिवसांनी त्यांच्या तोंडावर तजेला आला.

"मग इंजिन बंदच ठेवायचं."

"मंग मोटार चालंल कशी?" चंदरने विचारलं.

शेटने मागे वळून लडकूकडे पाहिलं.

दुसऱ्या बाजारी मोटारीच्या पुढच्या दांड्याला जू बांधलं गेलं, आणि मोऱ्या-हरण्याने किन्हवलीहून मुरबाडपर्यंत नवी कोरी मोटार ओढत नेली. आत शेट लोडाला टेकून युद्धाच्या बातम्या ऐकताहेत, चंदर चाक धरून बसलाय आणि लडकू पुढच्या चाकावरच्या चिखलपंख्यावर पेंढ्याचं पोतं टाकून आसूड धरून. लोकांच्या रामरामाला शेट खिडकीतून हात बाहेर काढून सावकाश रामराम घालत होते. इंजिनावर आले असते तर लोकांच्या वाट्याला नुसती धूळ आली असती.

आठवडाभरात रेडिओ मुका झाला. इंजिन चाललं नाही तर बॅटरी भरत नाही, असं चंदरने सांगितलं. शेटचं डोकं धंद्यात मुरलेलं. त्यांनी लगेच तोड काढली, "रोज सकाळी तासभर इंजिन चालव. गाडी जागची हलवायची नाय." तेव्हापासून ती मोटार उभी असली की चालू असे आणि चालायला लागली की बंद. किन्हवलीला यात काही वावगं वाटलं नाही. श्रीमंताघरचं यंत्र, त्याची रीत वेगळीच असणार. जत्रेचं नाव मात्र शेटने पुन्हा काढलं नाही. लडकू भाकरी खाऊ लागला.

दिवाळीनंतर चंदर कल्याणला घरी जाऊन आला. बैलांना पाणी पाजत असलेल्या लडकूला त्याने बोटाएवढी काळी नळी दाखवली.

"गॅरेजच्या मिस्त्रीनं दिली. इंजिनाच्या वायरीत बसवली का घरघर बंद. पाच मिनिटांचं काम, लडकूदादा."

लडकूच्या हातातली बादली खाली टेकली. "मंग बसवणार?"

"कशाला? चाक धरून झोपायचा पगार मिळतोय. आणि तुमची जोडीबी दारात राहील. तुमी गप, मी गप."

लडकू गप राहिला. गप राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं त्याने मनाला समजावलं. पण मार्गशीर्षात धसईहून शेटचे व्याही आले आणि चार माणसांदेखत हसत म्हणाले, "चांगोशेट, नव्या मोटारीला बैल? या घरघरीला काय इलाज नाय?"

शेट म्हणाले, "मला नका विचारू. लडकूला विचारा. त्याच्यासारखा कान नाय आणि जिभेला खोटं ठाऊक नाय."

सगळ्यांनी लडकूकडे पाहिलं. त्याने गोठ्याकडे पाहिलं.

"नाय इलाज," तो म्हणाला.

व्याह्यांनी मान डोलावली. लडकू म्हणाला म्हणजे विषयच संपला. घरी मात्र लडकूने भाकरीचं ताट बाजूला सारलं. सावळीला वाटलं, बैलांचा सौदा ठरला. तीन दिवस तो नुसत्या पेजेवर राहिला. बैलांच्या तोंडाकडे बघून त्याला बरं वाटायचं आणि शेटच्या तोंडाकडे बघून जिवंतपणी मेल्यासारखं व्हायचं.

चौथ्या दिवशी मुरबाडच्या वाटेवर त्याने बैल थांबवले. चंदर चाकावर डोकं ठेवून घोरत होता. लडकू खिडकीशी गेला आणि त्याने हात जोडले.

"शेट, मी खोटं बोललो. इलाज हाय. काळी नळी येते, ती बसवली का इंजिन चालू असतानाबी नीट ऐकू येतं. जत्रेला दहा दिवस हायेत. जोडी घेऊन जातो मी म्हशाला."

एवढं बोलताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. शेटने आधी घोरणाऱ्या चंदरकडे पाहिलं, मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. रेडिओ बारीक केला. कोटाच्या आतल्या खिशात हात घालून त्यांनी एक पुडकं काढलं. आत तसलीच काळी नळी होती.

"मोटारीच्या कंपनीनं दिवाळीतच पाठवली टपालानं," ते हळूच म्हणाले.

लडकूने विचारलं, "मंग बसवली का नाय?"

"गाडी लागते रे मला," शेट म्हणाले. "जरा जोरात गेली का पोट ढवळतं. आत बसल्याबसल्या ओकारी येते. एवढी मोटार आणली, हार घातले, आता गावाला सांगू काय? चांगोशेट स्वतःच्या मोटारीत ओकतो? ती घरघर होती म्हणून माझी अब्रू राहिली." त्यांनी पुडकं पुन्हा खिशात ठेवलं. "जत्रा राहू दे. बैल विकले तर मी बाजाराला जाऊ कसा?"

लडकूने डोळे पुसले आणि मोऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. हसावं की रडावं हे त्याला कळेना, पण भूक मात्र सपाटून लागली.

"आणि लडक्या," शेट म्हणाले, "कुणी विचारलं तर तुलाच सांगावं लागंल. चंदरवर कोण विश्वास ठेवील? आणि माझ्यावर तर नायच नाय. तू सांगितलंस का लोकांना पटतं."

पुढल्या बाजारी मुरबाडच्या वेशीवर एक भाजीवाली मोटारीकडे बघून म्हणाली, "गो बाय, एवढी नवी गाडी न् तिला इंजिन नाय?"

"इंजिन हाय," चिखलपंख्यावरून लडकू म्हणाला. "आवाज खराब हाय, म्हणून बैल लावलेत. इलाज नाय त्याला." आणि त्या दिवशी तो दोन भाकऱ्या जास्त जेवला.