शुक्रवारच्या खुर्च्या

माझी मुलगी विद्यापीठात शिकवते. तिच्या विभागात शिकवणारे आणि शिकणारे एकमेकांशी कामापुरतंच बोलतात, म्हणून तिने शुक्रवारी दुपारी सगळ्यांचा एकत्र चहा सुरू केला. खुर्च्या गोल मांडायच्या, कुणी कुठेही बसायचं. मला ती घेऊन गेली माझ्या हातच्या भडंगासाठी, आणि एका पोरीसाठी. पोर आमच्या निपाणीकडची, पीएचडी करणारी. बरेच दिवस कुणाशी बोलत नव्हती.

"तू नुसती तिच्याशेजारी बस," मुलगी म्हणाली. "गावाकडचं बोल. ती शिकणं सोडून जाईल असं वाटतंय मला."

बसले. पोरीने मला अज्जी म्हटलं. भडंगात लसूण कमी पडलाय, असंही म्हणाली. खरं होतं. मग हळूहळू ती माझ्या मुलीकडे वळली. "मॅडम, मी यंदा..."

तेवढ्यात विभागातले सगळ्यांत जुने सर दारातून आत आले आणि मी उठून उभी राहिले. मी चौथी शिकलेली. पाढे विसरले, पण गुरुजी आले की उठायचं हे विसरले नाही. म्हातारी उठल्यावर पोरं कशी बसून राहतील? सगळा गोल उभा राहिला. सर "बसा, बसा" म्हणाले, पण मग कुणी बोलेना. त्या पोरीने पिशवी उचलली आणि निघून गेली.

रिक्षाने आम्ही मल्लेश्वरमला घरी आलो. घरात शिरल्यावर मुलगी म्हणाली, "आई, तुला उठायला कुणी सांगितलं होतं?"

त्या रात्री तिच्यासमोर ताटावर बसायची लाज वाटली.

पुढच्या शुक्रवारी भडंग डब्यात भरला आणि तूच घेऊन जा म्हटलं. ती म्हणाली, "बिघडवलंस तू, यायलाही तूच हवीस." बोलणं माझ्यावरच गेलंय तिचं.

पोर आली, पण दारातच उभी राहिली. तिच्यामागून सर आले. माझे गुडघे आपोआप उचलले जायला लागले. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. अर्धवट उठलेली पोरं माझ्याकडे बघून पुन्हा बसली. सरांनी माझ्याकडे पाहिलं. ते माझ्याहून कितीतरी लहान, तरी माझं तोंड भाजल्यासारखं झालं.

एकच खुर्ची रिकामी होती, माझ्या शेजारची. पोर एकदा सरांकडे बघे, एकदा माझ्याकडे.

"बस गं," मी म्हटलं. "आज लसूण स्वल्प जास्तच घातलाय."

ती बसली. सर चहाचा कप घेऊन भिंतीशी उभे राहिले. खाली बघत ती माझ्या मुलीला म्हणाली, "मॅडम, मला पुढे काय करायचं तेच कळत नाहीये. विचारायची लाज वाटत होती." मुलीने आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि दोघी हळू आवाजात बोलत राहिल्या.

मला बरं वाटायला हवं होतं. पण सरांचा चहा संपेपर्यंत मी मान वर केली नाही. त्यांच्या बुटांकडेच बघत होते.