फसलेल्या तासाची जिलबी

आमच्या सुनेच्या शाळेतल्या जिलबीची गोष्ट सांगायची, तर सुरुवात पळसापासून करावी लागते. आता तुम्ही म्हणाल, आजोबा निघाले भटकायला. निघालो तर निघालो. मी खेड्यातल्या शाळेत शिकलेला माणूस. तिथं घंटा वाजली तरी गुरुजींची गोष्ट संपल्याशिवाय कोणी उठत नसे.

जबलपूरजवळच्या सिहोऱ्याच्या पलीकडे आमचं गाव. पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत नागपुराहून इकडे आले आणि परत जायचं विसरले. घरात मराठी, ओसरीबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. शाळेला एकच गुरुजी. एकदा ते बोलता बोलता म्हणाले, "वही ढाक के तीन पात." आपण म्हणतो ना, पळसाला पानं तीनच, तेच ते. माझ्या शेजारच्या पोरानं विचारलं, "गुरुजी, तीन ही काहे?"

गुरुजी थांबले. चष्मा धोतराच्या सोग्याला पुसला. म्हणाले, "बेटा, मुझे नहीं मालूम."

आम्ही हबकलोच. गुरुजींना ठाऊक नसतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. पुढच्या बाजाराच्या दिवशी ते सिहोऱ्याला गेले. हायस्कूलच्या मास्तरांना विचारलं, वैद्यांना विचारलं, जंगलखात्याच्या नाकेदाराला विचारलं. परत येऊन सांगितलं, "उन्हें भी नहीं मालूम. चलो, सब मिलके देखते हैं." आणि अख्खी शाळा चार पानांचा पळस शोधायला रानात! सापडला नाही तो नाहीच. पण काय दिवस गेला! अजून डोळे मिटले की पायाखाली ती वाळकी पानं वाजतात.

ही गोष्ट आमच्या सुनेनं, सुनेत्रानं, या घरात आल्याच्या पहिल्या आठवड्यात ऐकली, आणि तेव्हापासून किती वेळा ऐकली ते तिलाच विचारा. ती सरकारी शाळेत शिक्षिका. जबलपुरातल्या आमच्या विजय नगरच्या घरून सकाळी नात स्वानंदी तिला स्कूटीवर बसपर्यंत सोडते, तिथून सिहोरा रस्त्यानं ती शाळेत जाते. आधीची तिची शाळा म्हणजे रस्त्याच्या कडेला चिंचेखाली उभी असलेली, चिमुकली. शिकवणारे तिघं: सुनेत्रा, तिच्याहून लहान मीरा, आणि सगळ्यांत ज्येष्ठ शांतारामसर, जे दुपारच्या सुट्टीत बसल्या बसल्या घोरायचे आणि घंटेच्या आधी आपोआप जागे व्हायचे.

या तिघांची एक रीत होती. शनिवारी शाळा सुटली की चिंचेखाली दरी, म्हणजे आपली सतरंजी, अंथरायची आणि प्रत्येकानं सांगायचं, या आठवड्यात आपला कोणता तास फसला. जमलेलं सांगायचं नाही. ते सांगायला जग पडलं आहे. ज्याचा तास सगळ्यांत जास्त फसला, त्याला खव्याची पहिली जिलबी. आमच्या जबलपूरची ती काळसर, जाड जिलबी. डबा सुनेत्राच न्यायची.

शांतारामसरांनी एकदा समुद्राची कविता शिकवली. तीन दिवस लाटा, गर्जना, सगळं करून झालं. शेवटी विचारलं, "समुंदर कैसा होता है?" नर्मदेवरचं धरण तेवढं पाहिलेली एक पोरगी उठून म्हणाली, "सर, बरगी बांध जैसा. बस गेट नहीं होते." शनिवारी सरांनी हे सांगितलं आणि स्वतःच जिलबीवर हात ठेवला. पण गंमत पुढे आहे. सोमवारी मीरानं वर्गात बादलीभर पाण्यात मीठ विरघळवून प्रत्येकाच्या जिभेवर थेंब ठेवला. सुनेत्रानं भूगोलाच्या तासाला नकाशावर नर्मदेला बोटानं खंबातच्या आखातापर्यंत नेलं. एकाचा फसलेला तास तिघांनी मिळून उभा केला. ही कल्पना शांतारामसरांची, असं सुनेत्रा म्हणते. मी म्हणतो, ती माझ्या पळसाची. यावर आमचा वाद मिटलेला नाही.

मग सुधारणा आली. पट कमी म्हणून तिची शाळा आणि आसपासच्या आणखी दोन शाळा मिळून पुढच्या गावात एक मोठी शाळा झाली. इमारत छान, प्रयोगशाळा, भिंतीवर मोठा पडदा. मी वाईट म्हणणार नाही. पोरांना चांगलंच मिळालं. पण शांतारामसर निवृत्त होऊन अमरावतीला मुलीकडे गेले, मीराची बदली बालाघाटला झाली, आणि सुनेत्रा दरी घेऊन एकटी नव्या शाळेत आली.

बस जुन्या शाळेवरूनच जाते. रस्त्याच्या डाव्या हाताला ती बंद शाळा, तीच चिंच. म्हणून सुनेत्रा बसमध्ये नेहमी उजव्या बाजूला बसायला लागली.

नव्या शाळेच्या स्टाफरूममध्ये तीन शाळांची तीन कपाटं आली. तीन कुलपं, आणि तीन पृथ्वीगोल. ज्या शाळेचा गोल, त्याच शाळेच्या मास्तरांनी वापरायचा. बसायचं तेही आपापल्या कपाटापाशी. मुख्याध्यापक अनुपमजी माणूस भला. प्रशिक्षणाहून आले की भिंतीवर एक नवीन फलक लावत. एकावर लिहिलं होतं, 'सीखता हुआ विद्यालय'. सुनेत्रा मला म्हणाली, "बाबा, फलक इतका उंच लावला आहे की वाचायला मान दुखते."

पहिल्या शनिवारी तिनं दरी अंथरली. कोणीतरी दारातून डोकावून म्हणालं, "दीदी, कोई सत्संग है क्या?" माधवी मॅडम, दुसऱ्या शाळेतून आलेल्या ज्येष्ठ बाई, चप्पल न काढता काठावर उभ्या राहिल्या. "हम अपनी कमी खुद काहे बताएँ? कल को गोपनीय रिपोर्ट में चढ़ जाएगी, तब तुम आओगी बचाने?" त्यांचंही चूक नव्हतं. सगळी नोकरी तपासणी चुकवण्यात गेलेल्या माणसाला 'फसलं' म्हण म्हटलं, तर तो आधी दाराकडे बघणार.

त्या दिवशी डबा जसाच्या तसा घरी आला. मी दोन खाल्ल्या, स्वानंदीनं दोन. पुढच्या शनिवारी पुन्हा भरलेला. आता खोटं कशाला बोलू, जिलबी मला फार आवडते. पण सुनेत्रा डबा टेबलावर ठेवून बाल्कनीत जाऊन उभी राहायची, तेव्हा मी डब्याचं झाकण लावून टाकायचो. पूर्वी शनिवारी ती उशिरा यायची आणि हसत यायची. आता वेळेवर यायची.

संध्याकाळी अमरावतीहून शांतारामसरांचा फोन. "काहो सुनेत्राबाई, आज कोणाचा फसला?"

"कोणाचाच नाही, सर. आमच्या इथं सगळ्यांचेच तास सफल होऊन राहिले."

सर पलीकडून म्हणायचे, "अरेरे."

हिवाळा सरत आला तेव्हा एक दिवस भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "बाबा, या शनिवारी शेवटचं. नाही कोणी बसलं, तर दरी घरी आणते. धुऊन माळ्यावर टाकून देऊ."

"काहून? इतक्यात?"

"एकटीनं अंथरायची आणि एकटीनं गुंडाळायची. लोकांना वाटतं मी मोठेपणा करून राहिले. आणि खरं सांगू? मला दरी नकोच आहे. मला मीरा पाहिजे आहे. तिथं बसले की तिची जागा दिसते."

माझ्याकडे तर पळसाचीच गोष्ट. तीच पुन्हा सांगितली. तिनं ऐकून घेतली.

त्याच आठवड्यात अनुपमजींनी फर्मान काढलं, शिक्षकांनी एकमेकांच्या तासाला मागे बसून पाहावं. सुनेत्राच्या वाट्याला आले गुणवंतजी. नेपियर टाउनात कोचिंग क्लासमध्ये गाजलेले, नंतर सरकारी नोकरीत आलेले तरुण गणितवाले, आपल्यातलेच, मराठी घरातले. तास तिसरा, सहावीचा वर्ग. सुनेत्राची आठवी तेव्हा मोकळी होती.

ती मागच्या बाकावर जाऊन बसली. गुणवंतजींनी अपूर्णांक काढले, हिंदीत त्यांना 'भिन्न' म्हणतात. एक प्रश्न विचारला की पुढच्या रांगेतून खणखणीत उत्तर. दुसरा विचारला, पुन्हा खणखणीत. सुनेत्राला आवाज ओळखीचा वाटला. वाकून पाहते तर काय, प्रणोती! तिच्याच आठवीतली, पहिली येणारी. सहावीच्या बाकावर गुडघे दुमडून, मान खाली घालून बसलेली. तिच्या शेजारी आठवीतल्याच आणखी तिघी. गुणवंतजींनी पाहुणीला दाखवायला पाहुणीच्याच घरची भांडी मागून आणली होती!

हे ऐकताना मी इतका हसलो की स्वानंदी पाणी घेऊन धावली. सुनेत्रा हसली नाही.

"मग? काय म्हणालीस तू त्याला?"

"काही नाही. प्रणोतीनं मला पाहिलं आणि तिचं तोंड एवढंसं झालं. गुणवंतजींच्या हातातला खडू तुटला. मी बसले असते तर त्यांना त्या पोरींसमोर आणखी अर्धा तास तसंच उभं राहावं लागलं असतं. म्हणून हळूच उठले आणि माझ्या वर्गात गेले."

आणि बघा, गोष्ट तिथं वळली. आठवीचा वर्ग बसलेला, फक्त त्या चौघी नाहीत. गेलीच आहे तर म्हणून तिनं कालचा धडा विचारला. उत्तर नाही. परवाचा विचारला. नाही. दिवाळीच्या आधीचा, जो तिच्या मते सगळ्यांना पाठ होता, तो विचारला. वर्ग तिच्याकडे बघतोय आणि ती वर्गाकडे. मग मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "दीदी, प्रणोती आ जाए, फिर पूछना."

हे सांगताना तिच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. "बाबा, वर्षभर मी चौघींनाच शिकवून राहिले होते. उत्तर येतं, मी पुढे जाते. बाकीचे नुसते बसलेले. मला दिसलेच नाहीत."

शनिवार आला. तिनं दरी अंथरली. माधवी मॅडम कपाटापाशी सुपारी कातरत होत्या, गुणवंतजी बॅग उचलून निघायच्या बेतात, बाकीचे आपापल्या कोपऱ्यात. सुनेत्रा कोणाला बोलवायच्या भानगडीत पडली नाही. दरीवर बसून, डबा उघडून, खोलीला ऐकू जाईल असं बोलायला लागली. चार मुली नसताना आपला वर्ग कसा मुका झाला, ते सगळं सांगितलं. मुली कुठे गेल्या होत्या, ते मात्र नाही. "मेरा एक पीरियड नहीं, पूरा साल फेल हुआ है," ती म्हणाली आणि पहिल्या जिलबीकडे हात नेला.

"ठहरिए दीदी!"

गुणवंतजी. बॅग खांद्यावर तशीच. कान लाल. चप्पल काढून दरीवर येऊन बसले आणि मराठीत म्हणाले, "ती जिलबी माझी आहे. मुली मी नेल्या होत्या." मग सगळ्यांकडे वळून हिंदीत, "मेरी छठी को भिन्न नहीं आते. तीन बार पढ़ाया. दीदी आने वाली थीं, मुझे लगा इज़्ज़त जाएगी, तो इन्हीं की लड़कियाँ बिठा दीं."

माधवी मॅडमचा अडकित्ता थांबला, आणि त्या अशा हसायला लागल्या की सुपारी जमिनीवर. "अरे मूरख! इन्हीं की? कम से कम मेरी क्लास से ले जाता!" डोळे पुसत त्या दरीवर आल्या, या वेळी चप्पल काढून. बसता बसता पुटपुटल्या, "वैसे मेरी क्लास से ले जाता तो भी क्या मिलता. उन्हें तो पहाड़े भी नहीं आते."

झालं. एकानं कवाड ढकललं की मागून वारा येतोच. कोणी विज्ञानाचं काढलं, कोणी इंग्रजीचं. अपूर्णांक कसे शिकवायचे यावर भांडण लागलं, आणि माधवी मॅडमनी जिलबीचेच तुकडे करून गुणवंतजींना दाखवले. सोमवारपासून प्रणोतीनं सहावीत बसायचं ठरलं, पण लपून नाही, शिकवायला. आणि आठवीत त्या तासाला सुनेत्रानं फक्त मागच्या बाकांना विचारायचं, माधवी मॅडमनी मागे बसून बघायचं. अनुपमजी आवाज ऐकून घाबरत आले. त्यांना वाटलं, भांडण झालं. त्यांनाही बसवून घेतलं.

इकडे मी विजय नगरच्या बाल्कनीत. नेहमीची वेळ टळली. दुसऱ्या बसची वेळ गेली, तिसरीचीही गेली. जिलबीची वाट बघतोय की सुनेची, माझं मलाच कळेना. शेवटी ती आली. डबा टेबलावर ठेवला. मी उघडला. तळाला नुसता पाक.

"एकही नाही उरली, बाबा," ती म्हणाली आणि हसली. ते जुनं शनिवारचं हसू.

"आणि दरी?"

"शाळेतच ठेवली. कपाटात. कुलूप नाही लावलं."

तेवढ्यात अमरावतीचा फोन. "काहो सुनेत्राबाई, आज कोणाचा फसला?"

"सगळ्यांचा, सर! सगळ्यांचा फसला!" ती सांगत सुटली. प्रणोतीचं, सुपारीचं, जिलबीच्या तुकड्यांचं. पलीकडून सरांचं हसणं मला इथवर ऐकू आलं. मग सर म्हणाले, "आता माझी जागा गेली म्हणायची."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "नाही, सर. दरी लहान पडली, लोक फरशीवर बसले. पण मी माझ्या उजवीकडे थोडी जागा सोडूनच बसले होते. सवयच आहे. मीराची आणि तुमची." फोन ठेवून ती बराच वेळ बाल्कनीत उभी राहिली. मी रिकामा डबा तसाच हातात धरून बसलो. चौथं पान सापडत नाही म्हणून पळस काही कमी होत नाही, असं सांगावंसं वाटलं. पण ती गोष्ट तिची ऐकून झाली होती.

सोमवारी सकाळी स्वानंदी तिला सोडून परत आली, हेल्मेट काढता काढता म्हणाली, "आजोबा, रोज आई बसमध्ये त्या साइडला बसते, मला दिसतच नाही. आज ना, या साइडला बसली, खिडकीत. मी टाटा केला, तिनं पण केला."

"डाव्या बाजूला? जुन्या शाळेकडच्या?"

"हो. काहून?"

मी म्हटलं, "बस इथं. सांगतो. त्याच्यासाठी आधी पळसापासून सुरुवात करावी लागेल."