अकराशे ओहम

भूतखेत, भानामती, अंगात येणं... असले विषय घरात निघाले की मी चप्पल घालून बाहेर पडायचो. मी इलेक्ट्रिकल डिप्लोमावाला माणूस, जळगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. जे मीटरवर दिसत नाही ते नाहीच, असं मी बेधडक सांगायचो. पंचाईत अशी झाली की पुढे जे घडलं, ते मीटरवरच दिसलं.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा उन्हाळा असेल. माझ्या मावशीचं गाव चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला. तिचा थोरला मुलगा भास्कर आदल्या पावसाळ्यात विहिरीवर शॉक लागून गेला होता. त्यानंतर नानांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, विहिरीतली मोटर काढून घरी आणून टाकली. केळीला शेजाऱ्याचं पाणी घेत होते. चैत्रात शेजाऱ्याची विहीर आटली. केळीचे घड बाहेर पडलेले, आणि पाण्याशिवाय झाडं माना टाकायला लागलेली... मोटर परत बसवण्यावाचून इलाज नव्हता. पण गावातला वायरमन लाईन तपासून गेला तो परत यायला तयार होईना. म्हणून मला निरोप आला.

रविवारी सकाळीच मीटरची बॅग घेऊन एसटीने पोचलो. ऊन चढलं होतं. नाना मला थेट मळ्यातल्या मोटरघरात घेऊन गेले. मोटरघर कसलं, चार पत्र्यांची खोली.

"काय म्हणतो वायरमन?" मी विचारलं.

"तो म्हने, लाईनमा बल्ब लावा तर लाल व्हस. मोटर नही, काही नही, वायरना टोकं मोकळा... तरी!" नाना म्हणाले. "म्हने, मी आते हात लावाव नही."

मला हसू आलं. केबल कुठेतरी सोललेली असणार, करंट जमिनीत उतरत असणार, दुसरं काय? मेन स्विच बंद करून मी केबलला मेगर लावला. हँडल फिरवून वायरचं इन्सुलेशन तपासायचं ते यंत्र. केबल ठणठणीत! कुठेच गळती नाही. म्हटलं, बघू. एका फेजमध्ये अँमीटर लावला आणि स्विच चालू केला. काटा शून्यावर. दुसऱ्या फेजलाही शून्य. तिसऱ्या फेजला मात्र काटा उचलला गेला आणि शून्य पॉइंट दोन अँपिअरवर थांबला. थरथरत होता.

विहिरीच्या काठावर केबलची टोकं कोरड्या दगडावर, हवेत. नानांनी नवी केबल आणून ठेवली होती. स्विच बंद करून जुनी काढली, नवी जोडली, परत चालू केलं. तिसऱ्या फेजला परत तेच. शून्य पॉइंट दोन.

"कितलं उनं?" काट्याकडे बघत नानांनी विचारलं.

व्होल्टमीटर दोनशे वीस दाखवत होता. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रेझिस्टन्स, हे शाळेतलं पोरही सांगेल. दोनशे वीस भागिले शून्य पॉइंट दोन... अकराशे ओहम. हवेचा रेझिस्टन्स असा मोजता येत नाही, तो जवळजवळ अनंत. आणि व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे पॉवर, चव्वेचाळीस वॅट. एवढी वीज खर्च होतेय तर कुठेतरी काहीतरी तापायला हवं! स्विच बंद करून वायर चाचपली. गार. मग अकराशे ओहमचं काय मध्ये आहे?

पुन्हा चालू केलं. काटा बघता बघता माझ्या तोंडून निघून गेलं, "ओल्या अंगाचा माणूस मध्ये असला तर एवढा येतो..."

पाठीमागे तांब्या वाजला. मावशी पाणी घेऊन दारात कधी आली होती, कळलंच नाही.

"काय म्हना तू?" ती म्हणाली.

"काही नाही गं मावशी, हिशोब करतोय."

"मी आयकं." ती आत आली. काट्याकडे बोट केलं. "ते हालस ते... ते त्याले लागी राह्यनं का?"

नाना ओरडले, "तू घरी जाय!" ती हलली नाही.

"विजू, हाई चालू राही तोवर त्याले लागतच राही ना?"

मी स्विचकडे हात नेला, तर तिने माझं मनगट धरलं.

"तू नको. माले सांग, कोनता खटका?" तिचा आवाज अगदी हळू होता. "त्या दिन मी आठेच व्हतू. त्याना हात वायरले चिकटी गयथा. आई, बंद कर, बंद कर, करे. माले समजनं नही कोनता खटका शे... मी लोकेसले बलावाले पळनू."

हे नानांनाही माहीत नव्हतं.

मी मेन स्विचचा दांडा दाखवला. मावशीने पदराने हात कोरडा केला, दांडा दोन्ही हातांनी धरला आणि खाली ओढला. काटा शून्यावर आला. तिने तो नीट बघून घेतला. मग विहिरीच्या बाजूला तोंड करून म्हणाली, "कया रे भास्कर. बंद कया." आणि तिथेच बसून रडायला लागली. भास्कर गेला तेव्हाही ती रडली नव्हती म्हणे.

तिला घरी पोचवून आम्ही परत आलो. स्विच चालू केला. तिन्ही फेज शून्य. बल्ब लावला, त्याच्या आतली तारही लाल झाली नाही. संध्याकाळच्या आत मोटर बसली, पाणी आलं. अर्धी केळी वाचली, अर्धी गेली. मावशी त्या विहिरीवर परत कधीच आली नाही, आणि दोन पावसाळ्यांच्या आतच ती गेली.

हे मी कारखान्यातल्या इंजिनिअरांना सांगितलं आहे. कोणी म्हणतो मीटर खराब — तोच मीटर मी पुढे कित्येक वर्षं वापरला. कोणी म्हणतो शेजारच्या लाईनचा परिणाम, कोणी म्हणतो उन्हाने डोकं फिरलं असेल. असेल. पण एक गोष्ट तरीही उरतेच. त्या सकाळी केबल बदलताना, वायर चाचपताना तो स्विच मीही बंद केला होता, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मी चालू केला की काटा दर वेळी उचलला जायचा. तिने एकदाच बंद केला... आणि काटा परत उठला नाही. का, ते मला अजूनही सांगता येत नाही.