मी शिवलेले सतरा देश

शाळेत मी दोन दिवस गेलो. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी आमच्या अप्पांना बोलावून सांगितलं, "ह्याला मशीनवर बसवा. डोकं चालत नाही, निदान पाय तरी चालतील." मास्तर माणूस हुशार होता. तेव्हापासून हुबळीत दुर्गदबैलाच्या बाजाराजवळ आमच्या शिंप्याच्या दुकानात माझे पाय चाललेत. अप्पा गेले, मशीन राहिलं, आणि मशीनवर मी राहिलो. हे सुद्धा मी नुसतं बोलतोय, लिहून घेतीय ती माझी पुतणी. मला सही येते, ती पण सावकाश.

माझा धाकटा भाऊ मात्र शिकला. माझ्या वाटणीचं डोकं त्यालाच गेलं असणार. दुसरी लढाई सुरू व्हायच्या तीन-चार वर्षं आधीची गोष्ट, तो धारवाडच्या कॉलेजात बी.ए. करत होता. रोज सकाळच्या गाडीनं जायचा, संध्याकाळच्या गाडीनं यायचा. विषय काय, तर जगाचं राजकारण. कोणत्या देशानं कोणत्या देशाला काय म्हटलं, मग त्यानं उलट काय म्हटलं, मग दोघांनी कागद करून सह्या कशा केल्या, आणि त्या सह्या पुढं कुणी पाळल्या नाहीत, हे सगळं पाठ करायचं. मी म्हणायचो, "अरे, हे तर आपल्या गल्लीत फुकट बघायला मिळतंय, त्याला कॉलेज कशाला?" तो मान खाली घालून वाचत बसायचा. ऑस्ट्रियाचं राज्य कसं मोडलं ते त्याला विचारा, घडाघडा सांगेल. पण शेजाऱ्यानं गटारीचं पाणी आमच्या दारात सोडलं तेव्हा आई म्हणाली, "जा की रे, शिकलायस, जरा बोलून ये," तर हा दार लावून आत. शेवटी मीच गेलो आणि दोन शिव्या खाऊन आलो. पाणी अजून आमच्याच दारात येतं.

पण मला खुपत होतं ते वेगळंच. दुकानात एक गिऱ्हाईक आलं, त्याचा मुलगा ह्याच्याच वर्गात. कोटाचं माप देता देता म्हणालं, "तुमच्या आळीत तो बी.ए.चा मुलगा राहतो बघा, त्याच्या मोठ्या भावाचा कापडाचा मोठा व्यापार आहे म्हणे." मी तोंडात टाचण्या धरल्या होत्या, म्हणून बरं. एखादी गिळली असती.

घरी काही बोललो नाही. आईला सुद्धा नाही. पण मनात गाठ मारली, की ह्याच्या तोंडून एकदा तरी सगळ्या वर्गासमोर वदवून घ्यायचं, हा माझा अण्णा, शिंपी आहे. त्यापलीकडं मला काही नको होतं. शिकलेल्या माणसाकडनं अडाण्याला दुसरं काय पाहिजे असतं?

संधी त्यानंच आणून दिली. त्यांच्या वर्गानं राष्ट्रसंघाची खोटी सभा भरवायचं ठरवलं. एकेकानं एकेक देश व्हायचं, टेबलावर आपला झेंडा लावायचा, आणि इटलीनं अ‍ॅबिसिनियावर चाल केली ते बरोबर की चूक यावर इंग्रजीत भांडायचं. ह्याचा कापडाचा व्यापार ना, म्हणून झेंड्यांचं काम ह्याच्या गळ्यात.

"अण्णा, सतरा झेंडे पाहिजेत," तो म्हणाला. "इंग्लंडचा कॉलेजात तयार आहे."

"तो असणारच. आणि तू कोण झालास?"

"अ‍ॅबिसिनिया."

"ते कुठं आलं?"

"आफ्रिकेत."

"सैन्य किती तुझ्याकडं?"

"अण्णा, खरं नाही ते."

"मग हरणार तू."

"हरणारच आहे. पण बाजू खरी आहे."

बघा, तीन वर्षं शिकून काय मिळालं, तर हरायची तयारी. मी म्हटलं, शिवतो, आणि लावायला पण मीच येतो. तो लगेच म्हणाला, तू कशाला, मी नेतो की. मी म्हटलं, "काठीला झेंडा ओवायचा म्हणजे शिंप्याचा हात लागतो. तुझा अ‍ॅबिसिनिया भर सभेत खाली पडला तर?" शेवटी चल म्हणाला.

कॉलेजच्या कुठल्या तरी जाड पुस्तकातलं बघून त्यानं एका मोठ्या कागदावर सगळे झेंडे रंगीत पेन्सिलीनं काढून आणले होते. खाली नावं होती, ती मला काय कळणार. मी आपला रंग बघून शिवायला बसलो. जपान सगळ्यात सोपं, पांढऱ्यावर भाकरीएवढं लाल. पण बाकीच्यांत एक भानगड दिसली. काही झेंड्यांचे पट्टे उभे, काहींचे आडवे. आता मी लग्नातल्या बँडवाल्यांचे डगले शिवणारा माणूस. बारा जण एका ओळीत उभे राहिले तर बारांच्या रेघा एका दिशेला पाहिजेत, नाही तर लोक नवऱ्याला सोडून डगल्याला हसतात. मला वाटलं, आमच्या शहाण्यानं कागदावर जागा पुरेना म्हणून काही झेंडे वळवून काढलेत. गिऱ्हाईक चुकीचं माप सांगतं, आपण गुपचूप सुधारून घेतो, ते माझं रोजचंच काम. मी सुधारलं. सगळे पट्टे आडवे करून टाकले. फ्रान्स आडवा, बेल्जियम आडवं, इटली आडवी. इटलीच्या मध्ये एक ढाल का काय होती, ते बारीक काम मी सोडूनच दिलं. इस्त्री फिरवून ओळीनं मांडले तेव्हा इतके देखणे दिसले म्हणता, मी आईला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "झबली कुणाची रे एवढी?"

सभेच्या दिवशी मी काळा कोट घातला. एका गिऱ्हाइकाचा, शिवून तयार होता, तो न्यायला यायचा होता दोन दिवसांनी. गाडीत झेंड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसलो. समोर भाऊ भाषण पाठ करत होता, ओठ नुसते हलत होते. अमरगोळ स्टेशन आलं, गेलं. मी म्हटलं, "एकदा उघडून बघतोस काय?" तो म्हणाला, "तू शिवलंयस म्हणजे बरोबरच असणार." एवढा विश्वास त्यानं माझ्यावर कधी दाखवला नव्हता, आणि दाखवला तो नेमका ह्या कामात.

धारवाडला हॉलमध्ये टेबलं मांडून ठेवली होती. मी झेंडे काठ्यांना ओवून ओवून एकेका टेबलावर लावले, कुठला कुठं ते भाऊ लांबूनच बोटानं दाखवत होता. नजर भाषणाच्या कागदावर. त्यानं वर्गातल्या एकाला काहीतरी सांगितलं, त्यानं माझ्याकडं बघून मान हलवली. काय सांगितलं असेल ते मला कळलं, झेंडे लावायला आलेला कुणी शिंपी. मी मागं दाराशी जाऊन उभा राहिलो. तिथं कॉलेजचा पहारेकरी होता, पहिल्या लढाईत विलायतेला जाऊन आलेला म्हातारा शिपाई. तोफांनी कान गेलेले, म्हणून ओरडूनच बोलायचा. आल्यापासून मी त्याला मामा म्हणत होतो.

सभा सुरू झाली. जग म्हणजे काय असतं ते मी त्या दिवशी बघितलं. इंग्लंड झालेला मुलगा पान खात होता. फ्रान्स गदगचा होता, धोतर सावरत उठायचा. इटली एवढा बारीक, की अ‍ॅबिसिनियानं नुसतं फुंकलं असतं तर लढाई मिटली असती. सगळे इंग्रजीत बोलत होते आणि प्रत्येकजण आपलं पाठ केलेलं म्हणून बसत होता. दुसरा काय बोलला ते कुणी ऐकत नव्हतं. समोर प्रोफेसर डोळे मिटून मान डोलवत होते. आणि एक तास झाला तरी ह्या सतरा-अठरा देशांपैकी एकाचंही आपल्या नाकासमोरच्या झेंड्याकडं लक्ष नव्हतं. मला तरी काय माहीत त्यात चूक आहे. मी आपला खुशीत, सगळ्या रेघा एका दिशेला.

मामानं मला कोपरानं ढोसलं. "तो धोतरवाला कोण?"

"फ्रान्स म्हणे."

"आणि झेंडा?"

"त्याचाच की समोर."

"तो फ्रान्सचा नाही."

"हळू बोला, मामा."

"कसला हळू? पायात गोळी लागून चार महिने तिकडं फ्रान्सातच खाटेवर पडलो होतो मी. खिडकीतनं एकच दिसायचं, समोरच्या कचेरीवरचा झेंडा. उभे पट्टे असतात. निळा, पांढरा, तांबडा, उभे. हा आडवा पडलाय."

मामाचं हळू म्हणजे अर्ध्या धारवाडला ऐकू जाईल इतकं. फ्रान्स बोलता बोलता थांबला. प्रोफेसरांनी डोळे उघडले, चष्मा पुसला, पुन्हा घातला. मग एकेकजण आपापल्या टेबलावर वाकून बघायला लागला. जगाचा अभ्यास खरा तिथं सुरू झाला. बेल्जियम कुठल्या तरी परक्या देशाचा झेंडा घेऊन बसलं होतं. इटलीचा हिरवा, पांढरा, तांबडा. अ‍ॅबिसिनियाचा हिरवा, पिवळा, तांबडा. माझा पिवळा धुतल्यावर फिका पडला होता. दोन वैऱ्यांचे झेंडे सख्ख्या भावांसारखे दिसत होते. कुणीतरी हसलं, आणि मग सगळा हॉल हसला. पान खाणाऱ्या इंग्लंडला ठसका लागला.

प्रोफेसर हसले नाहीत. मराठीत म्हणाले, "कुणी शिवले हे?"

माझा भाऊ अ‍ॅबिसिनियाच्या टेबलाशी उठून उभा राहिला. कान लाल झालेले. त्यानं एकदा झेंड्याकडं बघितलं, मग वळून थेट माझ्याकडं. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सर, ते माझे..."

ह्याच शब्दासाठी मी आलो होतो. महिनाभर वाट बघत होतो. पुढचा शब्द त्याच्या ओठांवर आलेला मला दिसत होता.

आणि मी म्हणालो, "मी शिवले, साहेब. हुबळीचा शिंपी मी. ह्या साहेबांनी बरोबर काढून दिलं होतं, मीच वाटोळं केलं. ह्यांची माझी काही ओळख नाही."

सख्ख्या भावाला साहेब म्हणालो. ओळख नाही म्हणालो.

ही गोष्ट मी पुढं लोकांना सांगितली तर लोक म्हणतात, भावाची अब्रू राखलीस. मी पण काही वर्षं तसंच सांगत होतो. खोटं आहे ते. दुसऱ्याचा कोट अंगावर, एवढी शिकलेली पोरं हसतायत, आणि आता ह्यानं अण्णा म्हटलं की सगळे माझ्या तोंडाकडं बघणार, ह्याचा भाऊ हा बावळट काय म्हणणार. लाज वाटली मला. त्याला माझी लाज वाटते म्हणून महिनाभर जळत होतो, आणि वेळ आली तेव्हा ती माझ्याच पोटात निघाली. भित्रा माणूस मी. मशीनवर बसलेला बरा.

प्रोफेसर म्हणाले, "ठीक आहे, बस." भाऊ उभाच होता. तोंड अर्धं उघडं. मग बसला. शेवटचं भाषण त्याचं होतं, तो उठला, दोन वाक्यं बोलला, आणि पुढचं विसरला. इटली जिंकली. खऱ्या जगात पण तीच जिंकत होती, त्यामुळं कुणाला काही वाटलं नाही.

परतीच्या गाडीत गाठोडं पुन्हा माझ्या मांडीवर. भाऊ म्हणाला, "मी सांगणार होतो, अण्णा."

"ऐकलं की मी, अर्धं."

"व्यापार म्हणून मीच सांगितलं होतं. पहिल्या वर्षी. मग ते मागं घेता येईना."

"असू दे."

"तू का असं म्हणालास?"

मी म्हटलं, "झेंडे खराब झाले म्हणून." काय उत्तर होतं ते? पण मला तेवढंच सुचलं.

दुसऱ्या दिवशी तो कॉलेजातनं आला तो सरळ दुकानात. पायरीवर बसला. म्हणाला, "आज मी सगळ्यांना सांगितलं, तो शिंपी माझा सख्खा भाऊ."

"मग?"

"कुणी खरं मानलं नाही. म्हणाले, बिचाऱ्या गरिबाची दया आली म्हणून म्हणतोयस. त्यानं स्वतःच सांगितलं की ओळख नाही."

मशीन चालू होतं, ते मी थांबवलं नाही.

"अण्णा, तू एकदा चल. नुसतं येऊन सांग. प्रोफेसरांना पण सांगू."

"येतो की," मी म्हणालो. "ह्या आठवड्यात बँडवाल्यांचं काम आहे. पुढच्या सोमवारी."

सोमवारी भाऊ कोट घालून दुकानासमोर उभा राहिला. मी म्हटलं, बँडवाले आलेच नाहीत अजून, काम अडलंय, पुढं बघू. तो पुढं दोनदा आला, मग यायचा थांबला. बी.ए. झाला. त्याच्या वर्गातल्यांना मी शेवटपर्यंत हुबळीचा कुणीतरी शिंपी.

बँडवाल्यांचं काम नव्हतंच त्या महिन्यात. लग्नाचे दिवसच नव्हते.