डावा पाय

सन १९७५. माझं वय चव्वेचाळीस. तासगावच्या चौकात, एवढ्या माणसांच्या डोळ्यांदेखत, पळता पळता माझा डावा पाय लंगडायला लागला — आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांच्या पोटात काय होतं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही. देवासमोर तरी कुठं तोंड उघडलंय? आज लिहितोय, कारण — कारण काय? ऐंशी ओलांडली, आणि ज्याला सांगायला पाहिजे होतं तो राहिला नाही. एवढंच.

मी तिसरी शिकलेला. लिहिताना हात अडतो. पण दुसऱ्या कुणाला सांगून लिहून घ्यावं असं हे नाही. थांबत थांबत लिहितो गड्या, तूही तसंच वाच.

आधी पळण्याचं सांगतो. ते सांगायला सोपं आहे — आणि गोड आहे.

दुष्काळ सरला त्या साली मी कुपवाडला एका वर्कशॉपच्या गेटवर वॉचमन म्हणून लागलो. गाव आमचं कुंडलच्या पलीकडं. आठवडाभर वर्कशॉपच्या मागच्या खोलीत राहायचं, शनिवारी एसटीनं घरी. गेटसमोरून रोज सकाळी एक म्हातारा पळत जायचा. रिटायर झालेले ड्रिलमास्तर होते — खाकी हाफ पँट, पांढरे कॅनव्हासचे बूट, साठी उलटलेली. मी स्टुलावर बसून विडी ओढत त्यांना हसायचो. एक दिवस ते थांबले.

"ओ वॉचमन, हसताय काय? तुमचं पोट ड्यूटीला आठला येतंय, तुमी सव्वाआठला येताय."

झोंबलं. मी असला माणूस की कुणी एक शब्द टाकला तर आठ दिवस घास गोड लागत नाही. दुसऱ्या दिवशी उजाडायला मिरज रस्त्याला लागलो, अनवाणी. तिसऱ्या विजेच्या खांबाशी सगळा चहा बाहेर आला. त्याच्या दुसऱ्या दिवशी चौथा खांब गाठला. मग पाचवा. सहा महिन्यांनी खांब मोजायचं सोडून मैल मोजायला लागलो. मास्तर बरोबर असायचे. "पोट कुठं ठेवून आलाय आज?" म्हणायचे, आणि पुढं निघून जायचे.

विडी सुटली. कधी सुटली ते कळलंसुद्धा नाही. कामगारांवर गेटवरून ओरडायचो, ते कमी झालं. उगवतीच्या अंगाला मळ्यांमधून सूर्य वर यायचा, अंगातनं घाम निथळायचा, आणि वाटायचं — आपण एवढी वर्षं कुठं होतो? खरं सांगू? लहानपणानंतर मी पहिल्यांदा सुखात होतो.

आता तू म्हणशील, यात लपवायचं काय?

सांगतो. शनिवारी गावच्या फाट्यावर एसटीतून उतरलो की मी लंगडायचो.

कुपवाडात धडधाकट, गावात लंगडा. एसटीच्या शेवटच्या पायरीवर डावा पाय वाकडा पडायचा आणि सोमवारी सकाळी त्याच पायरीवर सरळ व्हायचा. पायाला काय झालं होतं? काही नाही. चोवीस वर्षं माझ्या पायाला काहीसुद्धा झालेलं नव्हतं.

आमच्या गावात घरटी एक माणूस मिल्ट्रीत. भिंतीवर देवांच्या शेजारी वर्दीतले फोटो. विसाव्या वर्षी मीही भरती झालो. वाजतगाजत पाठवलं मला. तिथं ट्रेनिंगला फळ्यांची एक उंच भिंत होती. चढायचं आणि पलीकडं उडी मारायची. मी चढायचो — आणि वर बसून राहायचो. खाली बघितलं की हात फळी सोडत नसत. हवालदार हिंदीतनं आईबहिणीचा उद्धार करायचा, पोरं हसायची, शेवटी दोघं वर चढून मला पोत्यासारखं खाली उतरवायचे. सात आठवडे हे चाललं. मग कागद दिला — शिपाई होण्याच्या लायक नाही. तो कागद मी कऱ्हाडच्या पुलावरनं कृष्णेत सोडला.

गावाकडं येताना घरी काय सांगायचं, ते काही ठरत नव्हतं. मोटारीतून उतरताना पाय खड्ड्यात पडला आणि मुरगळला. खरंच मुरगळला. घरापर्यंत लंगडत गेलो. आई दारातच होती. तिनं माझा पाय बघितला आणि हंबरडा फोडला, "आरं, माझ्या लेकराचा पाय घेतला रं त्यांनी!" वडील बाहेर आले. त्यांनी काही विचारलं नाही. गोळा झालेल्या माणसांकडं बघून छाती काढून उभे राहिले.

मी नाही म्हणालो नाही. बस. खोटं मी बोललोच नाही — ते मला आयतं मिळालं आणि मी घेतलं. मुरगळा चार दिवसांत उतरला. पाचव्या दिवशी सरळ चालायला काय झालं होतं? सहाव्या दिवशी? लोक मला 'मेजर' म्हणायला लागले होते. पंचायतीत बसायला जागा सरकवून देत होते. मी लंगडत राहिलो.

त्यातलं कसब तुला सांगतो — हसू नको. तासगावच्या बाजारात एकजण चपला शिवायचा. एकदा माझी चप्पल उलटीपालटी करून म्हणाला, "मेजर, नवल हाय बगा. लंगड्याची चप्पल एका अंगानं झिजती. तुमची दोनी अंगानं सारखी!" तेव्हापासून दर महिन्याला मी विहिरीच्या दगडावर डावी चप्पल बाहेरच्या कडेनं घासायचो. चोरून. पोराबाळांचा बाप झालेला माणूस.

आणि बायकोला कळलं नव्हतं का? घरात तिच्यासमोर माझा पाय कधी सरळ पडायचा. ती तोंड फिरवायची. जन्मात एकदाच बोलली, भाकरी थापता थापता, "आता तरी भावजींकडं बघा जरा." मी ताटावरून उठून गेलो.

भावजी म्हणजे माझा धाकटा भाऊ. सदा.

आता आलो बघ जिथं यायचं होतं तिथं. एवढा वेळ आजूबाजूनं फिरत होतो.

सदा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. मी परत आलो तेव्हा चौदाचा. माझ्या पायामुळं जड काम मला कुणी सांगितलं नाही, म्हणजे ते त्याच्यावर गेलं. नांगर त्यानं धरला. उसाच्या मोळ्या त्यानं वाहिल्या. शेणखताच्या पाट्या, विहिरीचा गाळ, बैलांची वैरण — सगळं त्याच्या डोक्यावर. मी बांधावर बसून हुकूम सोडायचो. अठरा वर्षांचा झाला तेव्हा साताऱ्याला भरतीला जायला निघाला. काय छाती होती! उभ्या उभ्या घेतलं असतं त्याला. वडिलांनी पिशवी हातातून काढून घेतली. म्हणाले, "थोरल्याचा पाय गेला. तू गेल्यावर जमीन कोण बघणार? मी?" सदानं पिशवी खुंटीला अडकवली आणि खोरं घेऊन रानात गेला.

मी तिथंच होतो. सोप्यात, पाय लांब करून बसलेलो. एक वाक्य बोलायचं होतं. बोललो का?

त्याच्या मानेवर पुढं आवाळू आलं, ओझ्यानं. पस्तिशीतच पाठ वाकली. तरी मला कधी उणा शब्द नाही. "दादा, तू बस. मी हाय न्हवं?"

तर पंचाहत्तर साल. थंडीत सांगलीच्या काही तालमीतल्या पोरांनी पळायची शर्यत काढली. सांगलीतून निघायचं, तासगावच्या चौकाला वळसा घालायचा आणि परत बुधगावला येऊन थांबायचं. मास्तर म्हणाले, सव्वीस मैल भरतंय, जगात याला मॅरेथॉन म्हणतात, नाव घालतो तुमचं. मी म्हटलं घाला. गावचं कोण कशाला येतंय तिथं? त्या दिवशी तासगावचा बाजार, हे डोक्यातच आलं नाही.

तासगावपर्यंत असा पळालो की काय सांगू. पंधरा मैल. पोरांच्या बरोबरीनं. पाय माझे नव्हतेच, वाऱ्याचे होते. आणि चौकात, गर्दीच्या पुढच्या रांगेत, हातात नवं दावं घेऊन सदा उभा. बैल घ्यायला बाजाराला आलेला.

त्यानं मला बघितलं. मी त्याला बघितलं. आणि माझा डावा पाय वाकडा पडला. मी पाडला नाही रे — पडला. चोवीस वर्षांची सवय. पण दुसरं पाऊल? ते मी पाडलं. तिसरंही.

सदा ओरडला, "आरं, दादा! आमचा दादा हाय त्यो! मिल्ट्रीत पाय गेलाय त्याचा, आन् बगा कसा पळतोय!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, वळसा घालून पुढं गेलो की सुटलो. पण त्यानं पंक्चरच्या दुकानातनं कुणाची तरी सायकल मागून घेतली आणि माझ्या शेजारी आला. बैल राहिला, बाजार राहिला. अकरा मैल तो माझ्या शेजारी सायकल चालवत होता. पाणी देत होता. डोळे पुसत होता. "थांब दादा, बास झालं" म्हणत होता, आणि लगेच "न्हाई, पळ, पळ" म्हणत होता.

अकरा मैल मी लंगडत पळालो. तू कधी खोटं लंगडत पळून बघितलंयस? सगळा भार उजव्या गुडघ्यावर येतो. पाचव्या मैलाला गुडघ्यात सुरी फिरायला लागली. तोंडानं एक शब्द काढला असता तर दोन्ही पाय मोकळे झाले असते. पण त्या चेहऱ्यासमोर? माणूस पंधरा मैल पळायची ताकद कमावतो आणि एका वाक्याची कमावत नाही — याला काय म्हणायचं?

बुधगावात शेवटून तिसरा आलो. पहिल्या आलेल्या पोरापेक्षा जास्त हार माझ्या गळ्यात. मास्तर एसटीनं आधीच येऊन थांबले होते. ते धावत आले, "कितव्या मैलाला लागलं?" माझ्या वतीनं सदा बोलला, "लागलं न्हाई मास्तर. जुनं हाय, मिल्ट्रीतलं." मास्तरांनी माझ्या पायाकडं बघितलं. मग सदाकडं बघितलं. दोन वर्षं ते माझ्या शेजारी पळत होते. पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला आणि गेले. त्यानंतरही सकाळी भेटायचे, नमस्कार करायचे. पण माझ्या पोटावरून त्यांनी मला पुन्हा कधी चिडवलं नाही.

संध्याकाळी गावात पोचायच्या आधी बातमी पोचली होती. फाट्यावर हलगी. देवळासमोर मला खुर्चीत बसवलं, फेटा बांधला. सरपंच बोलले. मलाही बोला म्हणाले, तर मी हात जोडले. लोक म्हणाले, बघा, केवढं केलं आणि तोंडातून शब्द नाही!

घरी आल्यावर सदानं तेल कोमट केलं आणि माझा पाय मांडीवर घेतला. डावा. उजवा गुडघा ठणकत होता, तो तसाच धोतराखाली. डावा पाय तो चोळत राहिला. त्याचे तळहात — वहाणेच्या तळव्यासारखे झालेले — घोट्यापासून वर, पुन्हा घोट्यापासून वर. म्हणाला, "लय सोसलंस दादा." आणि मी डोळे मिटून पडून राहिलो. चोळू दिलं. माझ्या सगळ्या आयुष्यात याच्यापेक्षा नीच काम मी केलेलं नाही.

पुढची तीस वर्षं मी पळालो. सुखात पळालो, हे लपवत नाही. नोकरी सोडून गावी आलो, आणि रानातलं जड काम सदाच्या हाताला पुन्हा लागू दिलं नाही. वाकलेली पाठ सरळ झाली नाही, ते वेगळं. साताऱ्याची भरती परत आली नाही. शेवटच्या दुखण्यात त्याच्या उशाशी तीन दिवस बसलो होतो. तेव्हाही नाही बोललो. झोप मला चांगली लागते, जेवण जातं, नातवंडं माझ्याबरोबर फिरायला यायला चढाओढ करतात. असा माणूस सुखी असावा का? आहे.

फक्त त्या संध्याकाळनंतरची सकाळ राहिली.

मी सगळ्यांच्या आधी उठलो. उजवा गुडघा सुजून पाय टेकवत नव्हता. त्या दिवशी खरं म्हणजे मी लंगडलो असतो तर ते खोटं झालं नसतं. दात आवळून दोन्ही पाय सरळ टाकत रानात गेलो. सदा उसाच्या लागणीच्या वावरात खताची पाटी भरत होता. त्यानं मान वर केली. माझं चालणं बघून हातातलं खोरं खाली ठेवलं.

"दादा — पाय?"

एवढं मोकळं रान, तिसरं माणूस नाही. मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "पळून पळून सुटला बग."

त्यानं आभाळाकडं हात जोडले. मी त्याच्या डोक्यावरची चुंबळ काढून माझ्या डोक्यावर ठेवली, पाटी उचलली, आणि बांधावरून सरळ चालत गेलो.